वाफ्याला कड कसली लावावी

६ जानेवारी

खारूताई,

हे फोनवरच विचारणार होते. पण फोनवर तू माझं अर्धं वाक्य ऐकतेस, उरलेलं स्वतःच पुरं करतेस आणि वर चार जणांना सांगतेस की वहिनी असं म्हणाली. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

मागच्या अंगणाचं अखेर मनावर घेतलं. तुझ्या दादाने बस चालवायची सोडली, आणि तीही नोकरी शिल्लक असताना. "पुरे झालं आता," एवढंच म्हणाले. तेव्हापासून दिवसभर घरात बसून त्यांनी भिंतींनाही कंटाळा आणला. म्हणून मधे हिरवळ केली आणि दोन्ही अंगांना फुलांचे वाफे केले. टोकाला अवजारांची खोली आहे, तिथे त्यांनी रेडिओ आणि खुर्ची नेऊन ठेवली आहे. हिरवळीने छान जीव धरला. आता गवत वाफ्यात शिरतं आणि वाफ्यातली माती हिरवळीवर येते. माझ्या शिवणाच्या भाषेत सांगायचं तर कापड नीट बेतलंय, पण गोठ लावलेला नाही, त्यामुळे चारी बाजूंनी धागे सुटतायत.

तू लोकांच्या बागा आखून देतेस, तर घरच्यांना सांग, वाफ्याला कड कसली लावायची? माझी अट एकच आहे. कड लांबून दिसली पाहिजे, चांगली ठसठशीत.

दादा मजेत आहेत. मी पाठ फिरवली की चहात जास्तीची साखर घालतात.

तुझी वहिनी

*

१५ जानेवारी

वहिनी,

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. अर्ध्या गावाच्या बागा आखून झाल्या, तेव्हा कुठे घरच्यांना माझी आठवण झाली. आता विचारलंच आहेस तर ऐक.

खरं तर सर्वांत देखणी कड म्हणजे काहीच न लावणं. धारदार फावड्याने हिरवळीचा काठ उभा कापायचा आणि बोटभर चर ठेवायचा. पण ती सारखी कापत राहावी लागते. दादा एकदा हौसेने करेल, दुसऱ्यांदा तुला दाखवायला करेल आणि तिसऱ्यांदा त्याची पाठ धरेल. तेव्हा ते राहू दे. तिरक्या विटा पुरून करवतीचे दाते काढतात ना लोक, ते नको; बागेने दात विचकल्यासारखं दिसतं. लाकडी ओंडके वाळवीच्या पंगतीला. प्लॅस्टिकची गुंडाळी मिळते ती पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकते.

तुम्हाला हवी पोलादी पट्टी. पातळ, गडद रंगाची, जमिनीबाहेर जेमतेम डोकावणारी. गवत कापायचं यंत्र तिच्यावरून सुखाने जातं, आणि हिरवळ संपते कुठे नि वाफा सुरू होतो कुठे ते सुरीने कापल्यासारखं दिसतं.

तुझी अट मात्र उलटी आहे. कड ही खेळातल्या पंचासारखी असावी. तो आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण त्याच्याकडे बघत कुणी बसत नाही. लांबून दिसायला ती काय मोटारीची नंबरपाटी आहे? सोबत चित्र काढून पाठवते आहे.

तुझी खारूताई

*

२९ जानेवारी

खारूताई,

चित्र सुरेख आहे. भिंतीला लावलंय. अंगणात मात्र नको.

तुझी पट्टी गडद आणि माती गडद, मग दिसणार काय? मी परवा बाजारात पांढरं प्लॅस्टिकचं कुंपण बघून आले. वीतभर उंच आहे, जमिनीत नुसतं खोचायचं. दुरून झळकतं. तू नाक मुरडशील हे मला माहीत आहे, पण अंगण आम्ही वापरणार आहोत. तिथे आम्ही रोज संध्याकाळी चक्कर मारतो. मी पुढे आणि हे माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे. उतारवयात प्रेम उतू जातंय असं समज हवं तर.

आणि यांना विचारायच्या भानगडीत पडू नकोस. त्यांना काहीही चालतं.

वहिनी

*

८ फेब्रुवारी

वहिनी,

पांढरं कुंपण. वीतभर. हे वाचून मी पाणी प्यायले.

खांद्यावर हात ठेवून फिरता म्हणे. तुमच्या लग्नात फोटोवाल्याने तीनदा सांगूनही या माणसाने तो हात ठेवला नव्हता, बाजूला पंख्याच्या खांबासारखा उभा होता. चला, उशिरा का होईना, शहाणपण आलं. पण प्रेम तुमचं आणि अंगणाने काय म्हणून विद्रूप व्हायचं?

तू विचारू नकोस म्हणालीस म्हणून मी विचारलं. काल दादाला फोन केला. पट्टीचं म्हटल्यावर तो एका दमात म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर. तुझं काम तुला कळतं." बघ, याला म्हणतात भाऊ. माझी माणसं पुढच्या आठवड्यात तुमच्या बाजूला येणारच आहेत, ती पट्टी बसवून जातील. माझ्याकडून भेट समज. एकदा डोळ्यांसमोर आली की तुझं मत बदलेल, पैज लाव.

रागावू नकोस. शिवणात मी तुझ्यापुढे तोंड उघडत नाही, बागेत तू माझं ऐक.

खारूताई

*

२ मार्च

खारूताई,

तुझी माणसं कामाला चोख. पट्टी सरळ आली, कोपरे नेटके आले. माती बसेल म्हणून त्यांनी ती थोडी वर ठेवली होती, दोन-तीन बोटं. तुझे दादा हिरवळीवर उभे राहून म्हणाले, "वा, सुंदर." ते पट्टीच्या दिशेला बघतसुद्धा नव्हते.

परवा दुपारी मी मशीनवर बसले होते. धप्प आवाज आला. बाहेर गेले तर हे वाफ्यात आडवे. डावं मनगट मोडलंय, आणि नडगी पट्टीवर चिरली, टाके पडलेत. पडल्यावर हाक मारली नव्हती त्यांनी. मी विचारलं, "अहो, ओरडायचं तरी." तर म्हणाले, "तू शिवत होतीस."

आता तुला सांगते. सांगणार नाही असं त्यांना वचन दिलं होतं, पण त्या वचनाने आता रक्त काढलंय.

त्यांना काचबिंदू आहे. कळायला उशीर झाला. समोरचं दिसतं, पण नळीतून बघितल्यासारखं. आजूबाजूचं गेलं, पायाखालचं गेलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं थेंबांनी सांभाळायचं. थेंब सकाळ-संध्याकाळ मी घालते. बस त्यासाठीच सोडली. आणि खांद्यावरचा हात कसला होता ते आता तुझ्या लक्षात येईल.

तुला कळू द्यायचं नव्हतं. म्हणायचे, "ती माझी कीव करायला लागली तर मला ते सोसणार नाही." म्हणून मी कडेचं निमित्त केलं. वाटलं, काहीतरी पांढरं, ढळढळीत लागलं की निदान अंगणात तरी ते एकटे फिरतील. सरळ सांगायची सोय नव्हती, आणि आडून सांगितलेलं तुला कळलं नाही. तुझा दोष नाही त्यात.

वहिनी

*

६ मार्च

वहिनी,

फोन केला नाही, कारण केला असता तर रडले असते, आणि रडताना मला मापं सांगता येत नाहीत. आधी काम.

ती पट्टी हे पत्र मिळताच उपटून काढ. शेजाऱ्याला बोलाव, कुणालाही बोलाव, माझ्या माणसांची वाट बघू नकोस. आणि तुझं ते पांढरं कुंपण घेऊन ठेवलं असशील तर दुकानात परत देऊन ये. तेही त्याला पाडेल. मी दोन दिवस हेच डोक्यात घेऊन बसले आहे. ज्याला पायाखालचं दिसत नाही त्याच्या वाटेत घोट्याच्या उंचीचं काहीही नको. कड जमिनीशी अगदी सपाट तरी हवी, नाहीतर हाताला लागेल इतकी उंच. मधलं जे काही असेल तो सापळा. म्हणजे तुझं पांढरं बरोबर होतं आणि कुंपण चूक. माझं सपाट बरोबर होतं आणि काळं चूक. दोघींनी एकमेकींचं अर्धं अर्धं ऐकलं असतं तर त्याचं मनगट शाबूत राहिलं असतं.

तेव्हा असं करू. फिक्या दगडाचे रुंद तुकडे, हिरवळीच्या पातळीला बसवलेले, वाफ्याच्या कडेने सलग. पाय ठेवला की गवत संपून दगड लागला हे तळव्याला कळलं पाहिजे. शिवाय हिरवळीच्या मधोमध खोलीपर्यंत तसेच दगड एका ओळीत. नकाशा सोबत आहे.

रागवायचं आहेच. तुझ्यावर थोडं, दादावर भरपूर. त्याला वेगळं पाकीट पाठवते आहे. त्यात एवढंच लिहिलं आहे: "वहिनीने सांगितलं, बरं केलं. कीव करायला मला वेळ नाही. नकाशा बघ आणि चुका काढ." त्याने तुझ्यावर आवाज चढवला तर हे पत्र मोठ्याने वाचून दाखव.

खारूताई

*

२१ मार्च

खारे,

जाड पेनाने लिहितो आहे, म्हणून एवढे कागद. वजनावर पोस्टाने जास्तीचं तिकीट मागितलं.

तुझ्या वहिनीवर आवाज चढवला नाही. दोन दिवस बोललोच नाही, त्याने तिला जास्त राग आला. मग तीच म्हणाली, "बोला नाहीतर पट्टी परत पुरते." बोललो.

पण तुझा नकाशा मला नको. मला आंधळ्याची बाग नको आहे. येणारा-जाणारा बघेल आणि हळूच विचारेल, हे पांढरं कशासाठी? मी अजून आंधळा नाही. तुझं पत्र मी स्वतः वाचलं, वेळ लागला एवढंच.

बस मला कुणी सोडायला लावली नाही, हे तुला ठाऊक असावं. बाजूने एक सायकलवाला आला. मला दिसला नाही. कंडक्टर ओरडला म्हणून ब्रेक लागला. त्या माणसाला कळलंही नाही, शीळ घालत गेला. मी फेरी पुरी केली, उतारू उतरवले, बस डेपोत लावली आणि चावी साहेबांच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "उद्या बोलू." मी म्हटलं, "उद्या मी चालवत नाही." इतकी वर्षं माझ्या चाकाखाली कुत्रंसुद्धा आलं नाही, ते तसंच राहू दे म्हटलं.

आणि नकाशात चूक आहेच. मधोमध दगडांची ओळ कशाला? रस्त्यावर समोरून गाडीच्या दिव्यांचा झोत आला की डोळे दिपतात. तेव्हा मधली पट्टी बघणारा ड्रायव्हर समोरच्यावर जाऊन आदळतो. कडेची पांढरी पट्टी धरायची. तिच्यावर नजर ठेवली की गाडी आपोआप रस्त्यात राहते. पहिल्याच महिन्यात शिकवतात हे. तुला कुणी शिकवलं नाही असं दिसतं.

तेव्हा मधली ओळ खोड. म्हणजे, करायचंच झालं तर. मी करा असं म्हटलेलं नाही.

दादा

*

२९ मार्च

दादा,

मधली ओळ खोडली. तू सांगितलंस ते खरंच मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि आता मी ते दुसऱ्यांच्या बागांत वापरणार आहे, तुझी परवानगी न घेता.

राहिली आंधळ्याची बाग. तू ज्या रस्त्यांवरून बस नेलीस त्या सगळ्यांच्या कडेला पांढरी पट्टी होती. ती बघून कुणी म्हणालं का, हा आंधळ्यांचा रस्ता आहे? चांगल्या रस्त्याला कड असते. चांगल्या बागेलाही असते. कुणी विचारलंच तर सांग, बहिणीने आखलीय, तिचा दर परवडणार नाही तुम्हाला.

पार्सलमध्ये दगडाचे तुकडे आहेत. सगळे फिके, पण अंग वेगवेगळं आहे. गुळगुळीत एक आहे तो दिसायला सर्वांत छान, पण ओला झाला की घसरेल असं मला वाटतं. निवड मात्र तू कर, आणि पायांनी कर. हिरवळीवर मांड, चप्पल काढ आणि चालून बघ. वहिनीला खिडकीत उभी राहू देऊ नकोस, ती "हळू, हळू" म्हणेल.

कोपऱ्यात वाफा काटकोनात वळतो. तिथे दगडही काटकोनात बसवायचे असं मी धरलं आहे. मनगट सुटलं की कळव, माझी माणसं पाठवते.

खारूताई

*

२४ एप्रिल

खारे,

प्लॅस्टर निघालं. हात आखडलाय, पण थापी धरता येते. म्हणून तुझी माणसं आली त्यांना चहा पाजला, खडी आणि वाळू उतरवून घेतली, पहिला चर त्यांच्याकडून खणून घेतला आणि परत पाठवलं. बाकीचं मी लावतो आहे.

गुळगुळीत दगड बाद. खरबरीत घेतला, पिवळट पांढरा. अनवाणी चाललो तेव्हा पहिल्याच पावलाला कळलं, गवत संपलं. चपलेतूनही कळतं. चप्पल घालूनही चालून पाहिलं, कारण माणूस नेहमी अनवाणी थोडाच असतो. ते तू सांगायचं विसरलीस.

दोरी ताणून घेतो आणि एकेक दगड हाताने चाचपून बसवतो. दोन दगडांच्या पातळीत नखाएवढा फरक असला तरी बोटाला लागतो. डोळे चांगले होते तेव्हा एवढं बारीक काम मी कधी केलं नव्हतं. घाई नाही. जे जमत नाही ते उपटतो आणि परत लावतो.

काटकोन रद्द केला आहे. बसला काटकोनात वळता येत नाही आणि मलाही येत नाही. आधीपासून अंग टाकून मोठं वळण घ्यावं लागतं. म्हणून कोपऱ्यात हिरवळ कमी करून दगडांना गोल फिरवलं. तुझा वाफा त्यामुळे कोपऱ्यात पोटुशीसारखा फुगलाय. चिडू नकोस, दिसतो छान.

वळण आखताना माझा जुना कंडक्टर आला होता. मी दोरीचं टोक धरून मागे मागे जात होतो आणि तो मागून, डेपोत बस मागे घेताना म्हणायचा तसं, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बास," असं ओरडत होता. शेजारच्या दोन गच्च्यांवर लोक जमले. त्याला मी सगळं सांगितलं, डोळ्यांचं. म्हणाला, "मला माहीत होतं, साहेब. त्या सायकलवाल्याच्या दिवशीच." इतके महिने अधूनमधून घरी येत होता आणि एक अवाक्षर काढलं नाही बेट्याने.

गच्चीवरच्या एकाने विचारलं, हे पांढरं कशासाठी? मी म्हटलं, मला कमी दिसतं, त्यासाठी. तो म्हणाला, "अस्सं. आमच्या आईसाठी असं करून द्याल का?" बघतो म्हटलंय. आधी आपलं पुरं होऊ दे.

दादा

*

३० मे

खारूताई,

कड पुरी झाली. दगड कसे बसलेत ते तू येऊन बघशीलच, मी काय सांगू. कोपऱ्यातलं वळण मात्र तुझ्या काटकोनापेक्षा चांगलं दिसतं. आलीस की हे तोंडाने कबूल करावं लागेल, तयारीने ये.

डोळे दाखवून आलो. मागच्या वेळेएवढेच आहेत, उतरले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चालू ठेवा. येताना हे बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे बसले आणि त्याने कुठे गिअर उशिरा टाकला ते मला सारखं सांगत होते.

आता ते एकटे फिरतात. पहिले काही दिवस मी खिडकीतून बघायची आणि इकडे माझी शिवण वाकडी जायची. एका गिऱ्हाइकाची बाही उसवून परत लावली. मग खुर्चीच फिरवून बसले, खिडकीकडे पाठ करून. सकाळी चहा झाला की जातात. डाव्या पायाखाली दगड धरायचा, मोठं वळण घ्यायचं आणि सरळ खोलीशी. पाय आता मोजून टाकत नाहीत. जेवायला हाक मारली की तसेच परत येतात. माझा खांदा मोकळा झाला. एवढे दिवस त्यावर हात असायचा, त्यामुळे सुरुवातीला बाजू हलकी हलकी वाटायची. बोलले नाही त्यांना.

काल काय झालं ते सांगते. दुपारची मी मशीनवर होते, आणि त्यांनी तिकडून हाक मारली. साधीच हाक. पण मागच्या वेळी त्यांनी हाक मारली नव्हती ना, म्हणून या वेळी हाक आली म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर, असं माझ्या डोक्याने घेतलं. कात्री हातातच. उठले आणि धावत सुटले. वळणाने कोण जातो, सरळ वाफ्यातून आडवी घुसले. पाणी नुकतंच घातलेलं होतं. चप्पल चिखलात रुतली, पाय सुटला आणि मी पुढे झोकांडले.

ते खोलीच्या दारात उभे होते, धडधाकट. आवाजाच्या रोखाने दोन पावलं पुढे आले, दगडावर पाय रोवला आणि माझा दंड धरला. घट्ट. पडले नाही. एक हात माझ्या दंडाला, दुसऱ्या हाताने त्यांनी हळूच माझ्या मुठीतली कात्री काढून घेतली.

"काय झालं?" मी विचारलं. माझा श्वास लागला होता.

"रेडिओचे सेल संपले," ते म्हणाले. मग माझ्या अनवाणी पायाकडे, म्हणजे तो असेल त्या दिशेला मान वळवली आणि म्हणाले, "जरा बघून चालत जा गं."

चिखलातून चप्पल उपटली आणि सेल आणायला गेले.

तुझी वहिनी